पायरीखालचा जपानी

साहेब, बुसानमध्ये पाहण्यासारखं काय, तर एका बाईच्या घराची पायरी, असं तुम्ही पर्यटन कचेरीवाल्यांनी नकाशावर छापलंत. आणि त्या बाईला एक साधा प्रश्न विचारला नाहीत.

नकाशा झकास होता. सकाळी जागलचीचा मासळीबाजार, दुपारी डोंगरावरची रंगवलेली घरं, संध्याकाळी हेउन्देची वाळू. मधे वेळ उरतो, तो घालवायला बुनी आजीची पायरी.

थडग्यांच्या वस्तीत असल्या पायऱ्या घरोघरी आहेत. कोरियन युद्धात उत्तरेकडून पळून आलेल्यांना या शहरात जागा उरली होती ती जपान्यांच्या दफनभूमीत. जपानी लोक इथलं राज्य सोडून गेले, मेलेले मागे टाकून गेले. लोकांनी थडग्यांवर भिंती घातल्या, नावं कोरलेल्या दगडांच्या पायऱ्या केल्या. इतरांच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या. बुनी आजीची झिजली नाही. गुडघे कुरकुरत असले तरी ती दगडावर पाय देत नसे, ओलांडून जाई. आणि रोज सकाळी त्यावर वाडगाभर तांदळाची पेज ठेवी.

पर्यटन कचेरीला एवढं पुरे झालं. भिंतीवर पाटी ठोकली गेली: ‘शत्रूलाही जेवू घालणारी माता.’ आजीच्या भिंतीवर, आजीला न विचारता.

“आमच्यात मेलेल्याला दारू देतात,” वाटाडी सोरा रोजच्या घोळक्याला सांगे. “आजी मात्र पेज देते. का? म्हाताऱ्या जपान्याला दात नसतील ना!”

घोळका हसे. मग एकेक जण पायरीवर चढून, दोन बोटं वर करून फोटो काढून घेई. एकदा एका तरुणाने पेजेत नाणं टाकलं.

“उतर खाली,” आजी म्हणाली.

“आजी, यानं नशीब उजळतं म्हणे.”

“मग तुझ्या आईच्या ताटात टाक जा. तिचं उजळू दे.”

परदेशी पाहुण्यांनी विचारलं, काय म्हणाल्या? सोरा गोड हसली. “म्हणाल्या, पुन्हा या.”

शरद ऋतूत कचेरीचे जेगल साहेब स्वतः आले. बरोबर इसोबे नावाचे वयस्कर जपानी गृहस्थ. ते कमरेत वाकले ते वाकलेच राहिले.

“आजी, गोड बातमी,” जेगल म्हणाले. “तुमच्या पायरीवर यांच्या आजोबांचं नाव आहे. दगड उचलू, खालची राख यांच्या हवाली करू. मोठा सोहळा. टीव्हीवाले येणार.”

“दगड हलवायचा नाही.”

“घर खचेल म्हणून भिताय? लोखंडी टेकू देतो. ग्रॅनाइटची नवी पायरी देतो.”

“नवी नको. हा हलवायचा नाही.”

“अहो, यांचे आजोबा आहेत खाली!”

“खाली कोणी जपानी नाही.”

जेगलांनी सोराकडे बघून डोळा मारला.

“इथली जपान्यांच्या राखेची मडकी पहिल्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने वरच्या देवळात नेऊन ठेवली,” आजी म्हणाली. “जाऊन बघा.”

“सोहळा उद्या आहे, आजी. आता कुठे देवळं हुडकत बसू?”

गल्ली उतरताना ते सोराला म्हणाले, “माया जडलीय म्हातारीची. इतकी वर्षं भरवलंय त्याला. शत्रू असला म्हणून काय झालं?” सोराने डोळे टिपले आणि दुसऱ्या दिवसासाठी हे वाक्य पाठ करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे हातमोजे, फलक, फुलांची तबकं, शेजाऱ्याच्या गच्चीवर कॅमेरे. त्या शेजाऱ्याला कुणी विचारलं असेल तर शपथ. आजी पहाटेपासून दगडाला टेकून जमिनीवर बसलेली. मांडीत पेजेचा वाडगा.

“उठा आजी, मुहूर्त टळतोय.”

आजी उठली नाही. जेगलांनी वर पाहिलं. “कॅमेरे जरा समुद्राकडे फिरवा हो. बंदर फार सुंदर दिसतंय.”

कॅमेरे फिरले. दोन मजुरांनी आजीला काखेत हात घालून उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. पेज सांडली नाही, एवढं तिने सांभाळलं. कॅमेरे परत आले. पहारी लागल्या. दगड करकरला, मग सुटला.

खाली माती, आणि मातीत एक गाडगं. लहानसं, तपकिरी, तोंडावर मेणकापड घट्ट बांधलेलं.

“आजोबा सापडले!” जेगल ओरडले.

इसोबे गुडघ्यांवर बसले, बघत राहिले. त्यांनी सोराला हळूच काही विचारलं.

“ते म्हणतात, हे किमची मुरवायचं गाडगं दिसतंय. आमच्याकडे राखेला असलं वापरत नाहीत.”

“सांगा त्यांना, गडबडीचे दिवस होते. हाताला लागलं त्यात ठेवलं असेल.”

गाडगं पांढऱ्या कापडात बांधलं गेलं. इसोबेंनी ते दोन्ही हातांवर घेतलं, कपाळाला लावलं. टाळ्या पडल्या. सोराने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, आणखी टाळ्या पडल्या.

तेवढ्यात आजी वाडगा घेऊन पुढे आली. कोणी अडवलं नाही. शत्रूला अखेरचा घास! कॅमेरावाले एकमेकांना कोपरं मारत पुढे सरसावले. जेगलांनी कोट नीट केला आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

आजीने इसोबेंकडे पाहिलंही नाही. वाडगा तिने जेगलांच्या पांढऱ्या हातमोज्यांत ठेवला.

“त्याला दात यायचे होते अजून, साहेब,” ती म्हणाली. “तिकडे जपानात माझ्या लेकराला पेज कोण भरवणार, बोला.”