रजिस्टरला बांधलेली किल्ली

नवे राज्य झाल्यामुळे कारभारातली अडवणूक कायमची संपली आहे, असे भोपाळहून आलेल्या परिपत्रकात म्हटले होते. परिपत्रकाची आवक नोंदवायची राहिली होती, कारण शिक्का अडकला होता.

शिक्का प्रभाकरच्या मुठीत होता आणि जन्मनोंदीचे रजिस्टर दिगंबररावांच्या मांडीवर. नक्कल द्यायची तर दोन्ही लागत, म्हणून दोघे कारकून सकाळपासून समोरासमोर एकमेकांची वाट पाहत बसले होते. नव्या राज्याचा शिक्का कचेरीला एकच आला होता. शिवाय नावावर घेतलेली वस्तू काम झाल्याशिवाय सोडायची नाही, हा जुना नियम. तो दोघेही निष्ठेने पाळत होते.

बाकावर राजपुऱ्याची विमल बसली होती. मास्तरणींच्या ट्रेनिंगचा अर्ज जन्मतारखेच्या नकलेसह आज पाचपर्यंत द्यायचा होता. नाहीतर वडिलांनी खकनारचे स्थळ पाहून ठेवलेच होते.

शिक्का खाली ठेवायला काय हरकत आहे, असे तिने प्रभाकरला विचारून पाहिले. ठेवला की ते घेतील, तो म्हणाला. दिगंबररावांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले: ‘आधी रजिस्टर, मग शिक्का.’

“ती पाटी मीच लिहिली आहे,” प्रभाकर म्हणाला.

दीड वाजता दोघे जेवणाआधी हात धुवायला उठले. मूठ आवळून हात धुता येत नाहीत, त्यामुळे दोन्ही वस्तू टेबलावर आल्या. विमलने शिपायाला हाक मारली.

“कौतिकभाऊ, शिक्का त्याच्या पेटीत टाकून कुलूप लावा. किल्ली रजिस्टरच्या पुठ्ठ्याला बांधा.”

“पाटी तर लावेल हाय ना, ताई.”

“पाटी वाचावी लागते. किल्ली वाचावी लागणार नाही.”

कौतिकने सुतळी वीतभरच ठेवली आणि तीन गाठी मारल्या.

जेवून आल्यावर प्रभाकर सवयीने पेटीकडे गेला आणि किल्ली शोधत रजिस्टरपाशी आला. रजिस्टर घेतले, तसा शिक्काही मिळाला. दिगंबररावांकडे अडवून धरायला काहीच उरले नव्हते. “ये क्या झंझट लावली रे,” असे कौतिकला म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. ती मळून होईतो विमलची नक्कल झाली आणि रजिस्टर त्यांच्यापुढे आले.

विमल धावतच ट्रेनिंगच्या खिडकीशी पोचली. कारकुनाने अर्ज घेऊन त्यावर सातवा नंबर टाकला. जागा दहा होत्या, आणि मुदत कालच पंधरा दिवसांनी वाढवली होती.