दाराच्या दोन कड्या

फेझच्या जुन्या शहरात आजवर कुणीही वाट चुकलेलं नाही, असं वाटाड्या सी थामी बत्तीस वर्षं पाहुण्यांना छातीवर हात ठेवून सांगत आला होता. आज सकाळपासून तो स्वतः जिथं जन्मला त्या घराची वाट तीनदा चुकला होता. तिन्ही वेळा मुद्दाम.

मागून त्याची थोरली बहीण बतूल, मानानं लल्ला बतूल, गुडघ्यावर हात टेकत येत होती. एकोणीस वर्षांनी ती परदेशातून, ल्योंहून माहेरी आली होती, आणि माहेर सहा वर्षांपूर्वीच विकलं गेलं होतं. थामी फोनवर तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. लिंबाला बहर आलाय, असं त्यानं सांगितलं होतं. हौद दुरुस्त झाला, वरच्या खोल्यांना रंग दिला, तेही सांगितलं होतं. सगळं खरं होतं. त्या घराचं आता अतिथिगृह झालं होतं आणि थामी आठवड्यातून दोनदा तिथं पाहुणे पोचवायचा. घर विकलंय, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

आज तो सांगणार होता. पुढच्या वळणावर. तिथं जमलं नाही, तर त्याच्या पुढच्या.

“गाढव आलं की भिंतीला पाठ लावायची,” तो म्हणाला. खरं ओठांवर आलं की तोंडातून सूचनाच बाहेर पडत होत्या.

“मला शिकवतोस? तुला कडेवर घेऊन ह्याच भिंतीला पाठ घासलीय मी.”

“बालाक! बालाक!” म्हणजे ‘सरका, सरका’ करत गाढववाला आला. दोघांनी मुकाट्यानं पाठ लावली. गाढवाच्या पाठीवर धुलाईयंत्र होतं. गाढव कंटाळलेलं दिसत होतं.

“उतार लागला की समजायचं, आत चाललोय. चढ लागला की बाहेर.”

“मग मघापासून आपण चढतोय कशाला रे?”

सूचना खरी होती, हीच थामीची अडचण होती. त्यानं तिला चहाच्या दुकानात बसवलं. पुदिन्याचा हा तिसरा ग्लास. बतूलनं तो संपवला, पण पाय काही स्थिर राहीनात. चहावाल्याच्या ते ध्यानात आलं.

“लल्ला, मागच्या अंगाला संडास आहे. जाऊन या.”

“घर दोन गल्ल्यांवर असताना परक्याच्या दारात जाऊ? आईनं असं वळण लावलं नाही आम्हाला.” ती उठलीच. “चल रे थामी. आता दम निघत नाही मला.”

आणि ती पुढं निघाली. पाव भाजायच्या भट्टीपाशी उजवीकडे वळली, बुटक्या कमानीखाली न बघता वाकली. बतूल पुढं, तिची चाकांची बॅग खडखडवत वाटाड्या मागं.

दारावर पाटी नव्हती. गुप्त जागा आपणच शोधून काढली असं पाहुण्यांना वाटावं, म्हणून नव्या मालकानं ती लावलीच नव्हती. दार जुनंच होतं. कड्याही त्याच, दोन. वरची मोठी परक्यांची. ती वाजली की आतल्या बायका डोक्यावरून ओढणी घेणार. खालची छोटी घरच्यांची. ती वाजली तर कुणी उठतसुद्धा नाही, आतूनच ‘ये’ म्हणतात. थामी हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. सांगितलं की कॅमेरे बाहेर यायचे.

बतूल बाजूला सरकली. “वाजव.”

ह्याच्यापुढं वळण नव्हतं. थामीनं श्वास घेतला, शब्द जुळवले. तेवढ्यात त्याचा हात, सहा वर्षं ह्या दाराशी आठवड्यातून दोनदा उठणारा हात, आपला आपण उठला, आणि त्यानं मोठी कडी तीनदा वाजवली.

जाड आवाज आत घुमत गेला.

बतूलनं मोठ्या कडीकडे पाहिलं. मग छोटीकडे. मग भावाकडे.

“थामी,” ती हळूच म्हणाली, “मोठी?”

त्यानं बॅग भिंतीला टेकवली. त्याच्याकडे आता एकही सूचना उरली नव्हती.

“सांगायचं होतंस मला.”

“तू आली नसतीस.”

तिनं छोट्या कडीवरून बोट फिरवलं. बोटाला हिरवा गंज लागला. तो तिनं रुमालाला पुसला, रुमाल नीट घडी करून पिशवीत ठेवला, आणि डोक्यावरची ओढणी पुढं ओढून घेतली.

आतून पावलं आली. अतिथिगृहाचा पांढरा कोट घातलेल्या मुलीनं दार उघडलं.

“सी थामी! आज एकच पाहुणी? या, मादाम, या. फेझमध्ये पहिल्यांदाच ना?”

मुलीच्या खांद्यामागं अंगणातलं लिंबाचं झाड दिसत होतं. बहर खरंच आला होता.

बतूलनं त्या झाडाकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच.”

मुलगी अदबीनं बाजूला झाली. बतूल उंबऱ्याबाहेरच उभी होती.

“बाळ,” तिनं विचारलं, “तुमचा संडास जरा वापरू का?”