ज्याला दिसेल त्याला भांडी माफ

"तो बघा, कड्यावर! रानबकरा!" आबांनी ताटावरून उठून खिडकीकडे बोट दाखवलं.

लेक, जावई आणि नात तिघंही काचेकडे झेपावली. झेपावली म्हणजे काय, कॅरव्हॅनमध्ये एकाने उठायचं तर बाकीच्यांना पाय पोटाशी घ्यावे लागत. बाहेर संततधार लागली होती. कडा ढगात बुडाला होता आणि बकऱ्याचा मागमूस नव्हता.

"अगंबाई, केवढी शिंगं!" लेक म्हणाली.

"दाढी तर बघा," जावयाने री ओढली. नातीने मान डोलावली.

घरचा नियम जुना होता. सुट्टीत प्राणी ज्याला आधी दिसेल, त्याला त्या दिवशीची भांडी माफ. नियम आबांचाच. त्यांची हयात घाटात बस चालवण्यात गेली होती आणि वळणावरचा ससासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. यंदाही रोज तेच जिंकत होते. पहिल्या दिवशी त्यांना कोल्हा दिसला. ते एक झुडूप होतं. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? लेकीने डोळ्यांनी खुणावलं आणि सगळ्यांनी कोल्हा पाहिला. मग साळिंदर पाहिलं, मग घुबड. तिघं मुकाट्याने भांडी घासत राहिली.

प्रश्न भांड्यांचा नव्हताच. उद्या सुट्टी संपत होती आणि एवढं धूड घेऊन घाट उतरायचा होता. "गाडी मीच उतरवणार," असं आबांनी आल्या आल्या जाहीर केलं होतं. चढताना आबांनी चाक दरीच्या इतक्या कडेने नेलं होतं, की जावयाने डोळे गच्च मिटून घेतले होते. लेकीला रोज वाटे, आज सांगून टाकू. रोज तिची जीभ रेटत नसे. ज्यांनी हाताला धरून स्टिअरिंग शिकवलं, त्यांच्याकडे किल्ली मागायची तरी कोणत्या तोंडाने?

"तुम्हाला नक्की दिसला ना?" आबांनी विचारलं.

"म्हणजे काय! ऐटीत उभाय अगदी," लेक म्हणाली.

आबा खाली बसले.

"मला तर कडाच दिसत नाही गं," ते म्हणाले. "या पावसात ही खिडकीसुद्धा नुसता उजेड दिसते. आज मी मुद्दाम थाप मारली. म्हटलं, बघू तरी काय म्हणता ते. म्हणजे तो कोल्हाही नव्हता?"

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डोळ्यांची शंका येत होती मला. पण तुम्ही सगळे हो म्हणत होता ना! मला वाटलं, थोडं धूसर असेल, दिसतंय अजून. अगं, तुमच्या भरवशावर उद्या तुम्हालाच घेऊन दरीत गेलो असतो मी."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि लेकीच्या हातात दिली. मग बाह्या सरसावल्या.

"सरका. आजची भांडी माझी. त्याला डोळे लागत नाहीत."

ते ताट घासून त्यावरून बोट फिरवत, करकर वाजलं की खाली ठेवत. लेक किल्ली मुठीत धरून दाराशी जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. हळूहळू पाऊस उघडला.

"आबा," ती एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "रानबकरा आलाय."

आबांचे हात थांबले. "असं? ऐटीत उभाय का?"

"नाही हो. चिखलाने बरबटलाय नुसता. एक शिंग अर्धं तुटलंय. आणि आपल्या कचऱ्याच्या पिशवीत तोंड घालून काहीतरी चघळतोय."

आबा खो खो हसत सुटले. हातातलं ताट त्यांनी खाली ठेवलं.

"हां," ते म्हणाले. "आता दिसला."