पावत्यांचा डबा

बोटीच्या टाकीतून काचेच्या नळीत घेतलेलं डिझेल कर खात्याच्या आयर्व्हिनबाईंनी उजेडात धरलं. ते गुलाबी होतं.

"मिस्टर क्विन, हे काय?"

मॅलकी क्विनने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. सत्तरी उलटली होती, पण तो रंग त्याने अर्ध्या झोपेतही ओळखला असता. लाल डिझेल, दुसऱ्यात मिसळून फिकं झालेलं. कमी कराचं, म्हणून स्वस्त, आणि फक्त मासेमारीच्या बोटींसाठी. चाळीस वर्षं त्याने तेच जाळून कोळंबी आणली. तीन वर्षांपूर्वी मासेमारीचा परवाना विकला, आणि तीच बोट, तेच इंजिन, तीच टाकी सरकारच्या लेखी एका रात्रीत हौसेची झाली. हौसेच्या बोटीने पूर्ण कराचं पांढरं डिझेल जाळायचं, रस्त्यावरच्या गाड्यांसारखं. मॅलकी सरकारला रोज शिव्या घालायचा आणि मग निमूटपणे कॅन घेऊन गावातल्या पंपावर जायचा.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "मी पांढरंच भरतो. थांबा, पावत्याच दाखवतो."

तो केबिनमधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. तीन वर्षांत एक पावती हरवली नव्हती. हे सांगताना त्याला थोडी ऐट वाटत होती, आणि ती लपत नव्हती.

आयर्व्हिनबाई वाईट नव्हत्या. थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं आणि त्यांना लवकर आटपायचं होतं.

"जाणूनबुजून भरलं असेल तर बोट जप्त," त्या म्हणाल्या. "पण पावत्या असतील तर दुसऱ्या कुणीतरी मिसळलं असं लिहीन. टाकी धुऊन घ्या आणि सुटा. फक्त कुणी मिसळलं त्याचं नाव द्यावं लागेल."

"आणि त्याचं काय होतं?"

"त्याचं लाल डिझेल बंद. कायमचं."

मॅलकीने मान वळवली. धक्क्यावर शेजारीच फर्गलची मासेमारीची बोट होती. चार खलाशी जाळी दुरुस्त करत बसले होते आणि जाळ्यांकडे बघतच नव्हते. फर्गल केबिनच्या दाराशी उभा होता, हातात चहाचा मग. त्याच्या डेकवर मॅलकीची जाड दोरी होती. गोड्या पाण्याने धुतलेली, नीट वेटोळं करून ठेवलेली.

गेल्या मंगळवारी फर्गलच्या बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. मॅलकीने याच दोरीने त्याला खडकांपासून ओढून आणलं. या बंदरात अशा कामाचे कुणी पैसे घेत नाही, आभारही मानत नाही. ज्याने ओढून आणलं तो घरी गेला की त्याची टाकी गुपचूप भरून ठेवायची. दोघांनीही त्यावर पुन्हा बोलायचं नाही. फर्गलच्या बापाने असंच केलं असतं, आजोबानेही. टाकीत काय भरायचं हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला कधी पडलाच नव्हता.

फर्गलच्या हातातला मग वाकडा झाला होता. चहा बुटावर सांडत होता. त्याने मग खाली ठेवला आणि तो कठड्यावर पाय टाकायला निघाला.

"फर्गल," मॅलकी ओरडला, "ओहोटी लागली ना रे? धक्क्यावर बसून कोळंबी येणार आहे का तुझी?"

"मॅलकी तांडेल, मला जरा..."

"निघ म्हणतो ना. मी बाईंशी बोलतोय."

फर्गल एक पाय कठड्यावर ठेवून तसाच उभा राहिला.

मॅलकीने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"मीच भरलं," तो म्हणाला.

आयर्व्हिनबाईंनी फर्गलकडे पाहिलं, मग डब्याकडे. "पावत्या म्हणालात ना?"

"बिस्किटं आहेत. म्हाताऱ्या माणसाचं काय घेऊन बसलात."

"मिस्टर क्विन, एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही."

"खोडायला कोण सांगतंय?"

 आयर्व्हिनबाईंनी फॉर्म काढला. नाव, पत्ता, बोटीची लांबी. पेन थंडीने अडत होतं.

"बोटीचा उपयोग?"

आजवर धक्क्यावर कुणी गमतीने हौशी म्हटलं तरी मॅलकी दोन दिवस त्याच्याशी बोलायचा नाही. पंपावरची मुलगी डिझेल कशाला हवं ते विचारायची तेव्हा 'जनरेटरला' असं खोटं सांगायचा. जाळ्यांवरचे हात थांबले होते. त्यालाही ते कळत होतं.

"हौस," तो म्हणाला. बाईंना ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.

कुणी हसलं नाही.

गुरुवारी बोट न्यायला दोन माणसं आली. मॅलकीने त्यांना इंजिन कसं सुरू करायचं ते दाखवलं. थंडीत ते जरा आढेवेढे घेतं. मग डबा काखेत मारून तो धक्क्यावर चढला आणि बोट बंदराच्या तोंडातून वळेपर्यंत उभा राहिला.

फर्गल मागून आला. खांद्यावर दोरीचं वेटोळं होतं.  त्याने दोरी नुसतीच पुढे केली.

मॅलकीने ती हातात घेतली, जुन्या सवयीने पीळ तपासला आणि परत त्याच्या खांद्यावर ठेवली.

"ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. "बोट तुझ्याकडे आहे."