जादा वेळ

दहावीचा गणिताचा पेपर सुटला, मारेगावच्या केंद्रातली सगळी पोरं घरी गेली. आता जादा वेळही संपला, तरी दीपमाला बाहेर येईना. तिचा बाप भीमराज गेटाला धरून उभा होता. पोरगी गणितं तोंडी पटापट सोडवायची. पण कागदावर अक्षरं अन् आकडे तिच्या डोळ्यांपुढे उलटसुलट व्हायचे, म्हणून शाळेनं तिला मंदच ठरवलं होतं. यंदा बोर्डानं लिहायला लेखनिक दिला, वर जादा वेळही. तोही पुरत नाही म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं, असं भीमराजला वाटायला लागलं.

शेवटी ती आली. सोबत तिचा पेपर लिहिणारी उर्वशी. लेखनिक खालच्याच वर्गातला लागतो, म्हणून नववीतली.

"टाइम कमी पडला का, पोरी?"

"मले कायले पडते, बाबा? मले तं उत्तरं लगेच येत होती. पण हिनं दहावीचं गणित कधी पाह्यलंच नाही. समजल्याबिगर एक ओळ लिहीत नोती. जादा वेळ सारा हिले समजावण्यात गेला."

"मंग पेपर?"

"पुरा झाला."

भीमराजनं धरलेलं गेट सोडलं.

दुखरी बोटं चोळत उर्वशी म्हणाली, "काका, आमचे सर किती खेपा समजावते, तरी मले समजत नाही. ताईनं एकदाच सांगतलं. अन् तेबी फळ्याबिगर."