दुपारची सही

अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या कॅसिनोत व्हिडिओ पोकर, म्हणजे मशीनवरचा पत्त्यांचा जुगार, खेळायला जाताना व्हर्नन टिडवेल खिशात रोकड कधी नेत नसे. कॅसिनो त्याच्या बँक खात्याच्या भरवशावर उधार देई, तो कागदावर सही करी आणि निघताना पैसे चुकते करी. आज त्या खात्यात फक्त त्याच्या बायकोच्या, जोनीनच्या, ऑपरेशनचे पैसे होते. पण संध्याकाळी फेडायचंच आहे, त्यांना हात कशाला लागतोय, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

भर दुपारी तो आपल्या नेहमीच्या मशीनपुढे बसला. खुर्ची गरम होती.

उधारीचं काम बघणारी मारिसेला कागद घेऊन आली. "आज दुसऱ्यांदा, मिस्टर टिडवेल?"

"दुसऱ्यांदा? अगं बाई, आत्ता तर गाडी लावून येतोय. सकाळभर दवाखान्यात जोनीनजवळ होतो."

"थट्टा करताय होय! सकाळी इथंच बसून सही केलीत की. ही बघा."

सही त्याचीच होती, शेवटच्या फराट्यासकट.

"रडत होतात तुम्ही," मारिसेलाचा आवाज उतरला. "पैसे संपल्यावर माझा हात धरलात. म्हणालात, दुपारी मी परत येईन, तेव्हा काही झालं तरी मला देऊ नकोस."

व्हर्ननने नवा कागद पुढ्यात ओढला. "आणखी काय म्हणालो?"

"मी म्हटलं, मग येऊच नका ना. तर म्हणालात, मी नसतो आलो गं. पण दुपारी येईल त्या मला अजून काही माहीत नाही."

व्हर्ननने खाली पाहिलं. त्याच्या हातानं सही केव्हाच करून टाकली होती.