गळ्यापर्यंत बटणं

"इथे सही करा, काका," विमान कंपनीचा अधिकारी म्हणाला.

शिंपीकाकांनी पेन उचललंच नाही. टेबलावर करडा कोट पसरला होता. एक बाही जळालेली, अस्तर चिखलाने माखलेलं. कोट त्यांनीच शिवलेला. स्वतःचा हात ते कसा विसरतील? विमान शेतात कोसळून दोन दिवस झाले होते. कोट जिच्या अंगात होता तिचा चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. कंपनीच्या लेखी ती काकांची बायको होती.

"सापडली तेव्हा बटणं लावलेली होती?" काकांनी विचारलं.

अधिकाऱ्याने कागद चाळला. "हो. गळ्यापर्यंत."

काका चक्क हसले. अशा जागी! भोवतालची रडणारी माणसं बघायला लागली.

"मग ती माझी बायको नव्हे. चार वर्षं झाली, तिला पोटावरची बटणं लागत नाहीत. निघतानाही त्यावरून वाजलं आमचं. 'जगाचे कपडे सैल करून देता, माझाच तेवढा राहतो,' म्हणाली. विमानात कुणी कुडकुडताना दिसली असेल, दिला असेल काढून. आहेच ती तशी!"

"काका, मन घट्ट करा. वाचलेल्या सातही बायकांचे नातेवाईक आलेत."

"येऊ देत. मी सातही जणींना बघणार. चाळीस वर्षं माणसांची मापं घेतोय, मला कागद दाखवू नका!"

त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

हॉस्पिटलात सहा खाटांपाशी त्यांनी नुसती मान हलवली. सातव्या बाईचं तोंड बँडेजने झाकलेलं होतं. ती औषधांच्या गुंगीत होती. काकांनी तिचा हात हातात घेतला. बोटाच्या टोकाला सुया टोचून टोचून पडलेला घट्टा लागला. त्यांच्याच दुकानात बसून जन्मभर काजं केलेला हात तो!

"मी म्हणत नव्हतो?" काका ओरडले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. "अगं, मी म्हणत नव्हतो?"

खाटेपलीकडे एक मुलगी बसली होती. दोन दिवस ती तिथून हलली नव्हती. ती घाईघाईने उठली.

"काका, हळू बोला ना," ती म्हणाली. "आईला आत्ता कुठे झोप लागलीये."